दोरी ओढून हात दुखला, तरी ग्रासकटर चालू होत नाही? आधी पेट्रोल, मग प्लग

पाऊस ओसरला की कोकणात आंबा-काजूच्या बागांची बेणणी निघते आणि मागच्या हंगामापासून पडवीत टांगलेला ग्रासकटर नेमका तेव्हाच चालू होत नाही. अशा वेळी बरेच जण थेट कार्बोरेटर खोलतात. तसं करू नका. त्यातले पडदे नाजूक असतात आणि बहुतेक वेळा दोष तिथे नसतोच. सोप्यापासून सुरुवात करा.

स्विच ‘ऑन’वर आहे ना, एवढं बघून टाकीकडे वळा.

१. जुनं पेट्रोल ओतून टाका. महिन्या-दोन महिन्यांपूर्वीचं असेल तर त्याचा मोह धरू नका. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल शोषतं. कोकणातल्या पावसाळी हवेत तर विचारूच नका. पाणी जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतं, तेलमिश्रित पेट्रोल वर राहतं. टाकीतली नळी मात्र तळातूनच ओढते. म्हणजे इंजिन नीट पेट घेत नाही, आणि घेतलाच तर त्याला वंगण मिळत नाही.

टू-स्ट्रोक मशीनला ताजं मिश्रण करा. २५:१ सांगितलं असेल तर एक लिटरला ४० मिली टू-टी ऑइल, ५०:१ असेल तर २० मिली. प्रमाण मशीनच्या पुस्तिकेतलंच धरा, अंदाजाने ओतू नका. फोर-स्ट्रोकला साधं पेट्रोल लागतं, तेल वेगळ्या जागी भरायचं असतं.

टाकीतल्या नळीच्या टोकाचा फिल्टर तारेने बाहेर ओढून पाहा. काळा किंवा कडक झाला असेल तर बदला. नळीला चीर असेल तर तीही.

२. चोक नीट वापरा. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. थंड इंजिनला रबरी बल्ब पेट्रोल दिसेपर्यंत दाबा, चोक लावा आणि दोरी ओढा. इंजिन एकदा ‘फट्’ करून बंद पडेल. त्याच क्षणी चोक काढायचा आणि पुन्हा ओढायचं. ती ‘फट्’ ऐकू आली नाही आणि चोक लावूनच ओढत राहिलात, तर पेट्रोल आत साचतं. मग कितीही ओढा, उपयोग नाही. तापलेल्या इंजिनला चोक लागत नाही.

३. प्लग काढून वाचा. ओला असेल तर पेट्रोल जास्त झालंय: प्लग पुसून वाळवा, स्विच बंद, चोक काढलेला ठेवून प्लगशिवाय पाच-सहा वेळा दोरी ओढा, थोडा वेळ थांबा, मग प्लग बसवा. अगदी कोरडा असेल तर पेट्रोल पोचतच नाही, पुन्हा नळी आणि फिल्टर पाहा. काळी काजळी असेल तर ब्रशने साफ करा. बहुतेक मशीनना प्लगच्या टोकांमधली फट ०.६ ते ०.७ मिमी लागते. नवा प्लग फार महाग नाही, शंका आली तर बदलून टाका.

ठिणगी पाहायची असेल तर सांडलेलं पेट्रोल आधी पुसा, टाकीचं झाकण लावा, प्लग टोपीत खोचून त्याचा धातू सिलिंडरच्या धातूला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब. स्विच ऑन करून दोरी ओढा. प्लग रबरी टोपीनेच धरा.

४. एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा.

इंजिन चालू होऊन थोड्या वेळाने बंद पडत असेल तर टाकीचं झाकण सैल करून पाहा. त्याने फरक पडला, तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय.

एवढं करूनही जमलं नाही तर कार्बोरेटर साफ करायला मेकॅनिककडे न्या. दोरी हाताला अजिबात जड लागत नसेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलंय, तेही त्याचंच काम. कार्बोरेटरचे स्क्रू स्वतः फिरवू नका, टू-स्ट्रोकला पेट्रोल कमी पडलं तर पिस्टन जाम होतो.

हंगाम संपला की टाकी रिकामी करा, मशीन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या आणि मगच टांगा.