रातांबे पिकण्याआधी गिऱ्हाईक जमवायचं ते असं

आगळ, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस, विकायचं असेल तर तयारी मे महिन्यात नाही, थंडीत सुरू करायची. रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, एप्रिल-मेमध्ये पिकतो आणि पहिला जोराचा पाऊस आला की खेळ आटपला. त्या दिवसांत फळं काढायची, फोडायची, मीठ लावायचं, रोज ढवळायचं. 'घरगुती आगळ मिळेल' म्हणून लोकांच्या मागे लागायला हात मोकळे कुठे असतात? मी मालवण तालुक्यात राहते. आगळ आणि सोलं (आमसुलं) करते, आणि माझा बराचसा माल मुंबई-पुण्याला जातो. हे गिऱ्हाईक बाटली भरायच्या आधी जमलेलं होतं.

सुरुवात गावच्याच माणसांपासून करा. प्रत्येक वाडीचा मुंबईकरांसकट एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतोच. पण तिथे आल्या आल्या दरपत्रक टाकू नका. देवळाच्या वर्गणीचा हिशोब, कुणाच्या बारशाचे फोटो, कुणाच्या तेराव्याची सूचना, आणि मध्येच तुमची बाटली! अ‍ॅडमिनला आधी फोन करून विचारा. हे अ‍ॅडमिन बहुधा रिटायर झालेले कुणाचे तरी काका असतात. विचारलं की खूश होतात, न विचारता टाकलं की वर्षभर लक्षात ठेवतात.

फेसबुकवर मालवणी जेवणाचे ग्रुप आहेत, तिथेही हेच. जाहिरातीचे नियम वाचा आणि निदान शिमग्यापर्यंत फक्त उत्तरं द्या. प्रश्न ठरलेले असतात. सोलकढी फाटते का? नारळाचं दूध चुलीवर तापवलंत म्हणून, किंवा आगळ एकदम ओतलंत म्हणून. गार दुधात थोडं थोडं घालून ढवळायचं. खारट का झाली? आगळात मीठ आधीच असतं, वरून घालण्याआधी चव घ्यायची. सगळ्यात मोठा घोळ म्हणजे आगळ, आमसुलं आणि अमृत कोकम ही तिन्ही एकच समजणं. अमृत कोकम म्हणजे साखरेत मुरवलेलं सरबत. ते सोलकढीत घातलंत तर जेवणारे पानावरून उठतील. आमसुलं म्हणजे कोकमाच्याच रसाची पुटं देऊन वाळवलेली साल. हे एकदा नीट, सावकाश, कुणाला न हिणवता समजावलंत की पुढच्या वेळी लोकच लिहितात, 'त्या मालवणच्या ताईंना विचारा.' इतकं झालं की स्वतःचा ग्रुप काढायला हरकत नाही.

ग्रुपात कुणाला परस्पर ओढू नका, लिंक द्या. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि अनोळखी माणसांत आपला नंबर गेलेला बायकांना अजिबात आवडत नाही. ज्यांना गप्पा नकोत, नुसती बातमी हवी, त्यांच्यासाठी ब्रॉडकास्ट लिस्ट बरी, एकच मेसेज प्रत्येकाला वेगळा जातो. मात्र तिचा मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो आणि एका लिस्टमध्ये २५६ जणच बसतात. म्हणून पहिल्याच बोलण्यात सांगायचं, 'माझा नंबर सेव्ह करा हां.' व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घेतलंत तर लेबलं लावता येतात. मी 'सोलकढीवाले', 'सोलं हवी' आणि 'नुसतेच बघणारे' अशी लावलीत. तिसऱ्या लेबलातली माणसंही काढायची नाहीत. मे महिन्यात त्यांच्याच आत्या-मावश्या ऑर्डर देतात.

टाकायचं काय? झाडापासून सुरू करा. कोकमाची नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि नर झाडाला फळ धरत नाही, हे मुंबईत जन्मलेल्यांना माहीत नसतं. मोहराचा फोटो टाकून 'ओळखा, नर की मादी?' विचारलं तर दिवसभर उत्तरं येत राहतात. मग हिरवं फळ, मग लाल, मग फोडलेल्या रातांब्याने रंगलेले हात. व्हिडिओ अर्ध्या मिनिटाचा पुरे. आमच्या वाडीत रेंज सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, गेल्याशिवाय मिळत नाही, त्यामुळे लांबलचक काही करायचा मोहच होत नाही. स्टेटस रात्री जेवणानंतर ठेवा. लोकलमधून उतरून माणूस घरी टेकतो तेव्हाच फोन शांतपणे बघतो. आमच्या सासूबाई विचारायच्या, "पैसे घेवचे नाय तर ह्यो ग्रुप कित्याक?" आता त्याच विचारतात, आज काय टाकलंस.

घरात गेल्या सालचं आगळ असेलच. शिमग्याला आलेल्या चाकरमान्यांबरोबर त्यातल्या थोड्या बाटल्या ओळखीच्यांना द्या, आणि 'कसं लागलं?' असं विचारू नका. सगळे 'छान' म्हणतात. विचारा, झाकणातून गळलं का, किती दिवसांत संपलं, फ्रीजच्या दारात बाटली मावली का. माझ्याकडे बाटलीचा आकार यावरूनच ठरला. दोघांच्या घराला मोठी बाटली जड होते आणि बसच्या डिकीत काच टिकत नाही. दराचा हिशोबही ग्रुपातच मांडा: फळ, मीठ, मजुरी, बाटली, पार्सल. घासाघीस निम्म्याने कमी होते.

विक्रीची तारीख जाहीर करायच्या आधी एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी हातात हवी. तो १४ आकडी नंबर लेबलवर छापावा लागतो, सोबत उत्पादनाची तारीख, बॅच आणि निव्वळ वजन. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे खरं, पण वापरकर्ता म्हणून नोंद नसताना ते चिन्ह छापू नका. ग्रुपातलं कुणीतरी विचारतंच.

फळ घरात येईपर्यंत आगाऊ पैसे घेऊ नका, नावं लिहून ठेवा. अवकाळी पाऊस झाला तर फळ खराब होतं आणि घेतलेले पैसे परत करत बसावं लागतं. आगळ गाळून झालं, किती भरलं ते कळलं, की पहिला मेसेज यादीतल्यांना, दुसरा ग्रुपाला, आणि माल उरला तरच बाहेर. यादीतल्यांना दोन दिवस द्या, मग पुढच्याचा नंबर. पार्सल ज्या गाडीने जाणार तिचा वार आणि उतरायचं ठिकाण त्याच मेसेजमध्ये लिहा, नाहीतर ढवळायचं सोडून दिवसभर फोन घेत बसाल.

माल संपला की ज्यांना मिळाला नाही त्यांना 'पुढचं साल' लेबल लावा. ग्रुप बंद करू नका. पावसात रातांब्याच्या बिया फोडून मुठेल, म्हणजे कोकमाचं घट्ट तेल, काढता ते दाखवा. टाचांच्या भेगांवर ते कसं लावायचं, हे विचारणारे तेव्हाच येतात.