इंदूरहून सॅन फ्रान्सिस्को : अंतर आणि वेळ घरबसल्या कसा काढावा

इंदूरच्या कितीतरी मराठी घरांतली मुलं कॅलिफोर्नियात स्थायिक झाली आहेत. आई-वडील तिकडे निघाले की पहिला प्रश्न हाच : किती लांब, आणि किती तास? नुसतं तिकीट बघून हे उलगडत नाही.

आधी अंतर काढा. भिंतीवरचा नकाशा इथे उपयोगाचा नाही. त्यावर वाट अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेवरून गेल्यासारखी भासते. पृथ्वीगोल घ्या. दोऱ्याचं एक टोक इंदूरवर आणि दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर धरून दोरा घट्ट ताणा. तो आपोआप उत्तरेकडे सरकतो : दिल्लीजवळून, हिमालय, सायबेरिया, आर्क्टिक आणि मग खाली. सर्वांत जवळची वाट तीच. आता तेवढाच दोरा विषुववृत्तावर ठेवा. विषुववृत्त 40,075 किलोमीटरचं आहे आणि दोरा त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून किंचित कमी भरतो. अक्षांश-रेखांशांवरून हिशेब केला तर सुमारे 13,040 किलोमीटर येतात.

थेट विमान नाही, म्हणून मधला थांबा नीट निवडा. इंदूर-दिल्ली 660 आणि दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को 12,380, म्हणजे एकूण जवळजवळ तेवढंच, कारण दिल्ली वाटेवरच आहे. मुंबईमार्गे मात्र 510 आणि 13,510 मिळून हजारेक किलोमीटर वाढतात. वयस्कर माणसांसाठी मी दिल्लीच सुचवेन.

वेळेसाठी लांब टप्प्याच्या किलोमीटरला 850 ने भागा आणि विमान वर चढण्याचा आणि खाली उतरण्याचा अर्धा तास मिळवा. दिल्लीहून साधारण 15 तास येतात. त्यात तास-दोन तासांचा फरक धरायलाच हवा. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, काही देशांचं आकाश बंद असतं, आणि कधी विमान प्रशांत महासागरावरून नेतात. अंतर वाढतं, पण वारा पाठीशी मिळतो.

घड्याळाचा घोळ इथेच होतो. हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्को आपल्या साडेतेरा तास मागे असतं, आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेबारा. जानेवारीत पहाटे 4 ला दिल्ली सोडली आणि 15 तास उडालात, तर तिथे त्याच तारखेची पहाटेची 5:30 झालेली असते. कागदावर दीड तास, अंगावर पंधरा!

शेवटी विमानतळाच्या दारापासून विमानतळाच्या दारापर्यंतचा हिशेब मांडा. इंदूर विमानतळावर 2 तास आधी, दिल्लीपर्यंत दीड तास, दिल्लीत इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणीसाठी किमान 5, हवेत 15, उतरल्यावर रांग आणि सामान 2. झाले साडेपंचवीस तास. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत धुकं पडतं, तेव्हा मधला वेळ आणखी वाढवा. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या कधी घ्यायच्या, हे हा आकडा सांगूनच डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि ती चिठ्ठी व गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा.