जुनी डॉलरची नोट: शाई काय सांगते, किंमत कशी ठरते

जुनी डॉलरची नोट हाती आली की बहुतेक जण आधी साल पाहतात. फसगत तिथेच होते. नोटेवरचं साल मालिकेचं, म्हणजे त्या आराखड्याचं असतं, छपाईचं नव्हे. १९३५च्या मालिकेतल्या एक डॉलरच्या नोटा १९६०च्या दशकातही छापल्या जात होत्या.

आधी पट्टी लावा. सुमारे १८७ × ७९ मिलिमीटर भरली तर ती १९२९पूर्वीची मोठी नोट. १५६ × ६६ भरली तर नंतरची. मोठ्या नोटा फाटक्या असल्या तरी सहसा दर्शनी किमतीहून जास्त मोलाच्या असतात.

मग मोहोरेचा (नोटेवर छापलेल्या सरकारी शिक्क्याचा) आणि अनुक्रमांकाचा रंग पाहा. लहान नोटांत लाल म्हणजे युनायटेड स्टेट्स नोट, निळा म्हणजे सिल्व्हर सर्टिफिकेट, हिरवा म्हणजे फेडरल रिझर्व्ह नोट, सोनेरी-पिवळा म्हणजे गोल्ड सर्टिफिकेट आणि तपकिरी म्हणजे बहुधा १९२९ची बँकेच्या नावाची नोट. निळ्या मोहोरेची नोट सरकारला देऊन बदल्यात चांदी मिळायची ती २४ जून १९६८पर्यंतच. १९५७ची वापरलेली निळी एक डॉलरची नोट इतकी मुबलक आहे की दर्शनी किमतीवर फारसं काही मिळत नाही.

खरी मजा अपवादांत आहे. महायुद्धात हवाई बेटं जपानच्या हाती पडली तर तिथल्या नोटा एका फटक्यात रद्द करता याव्यात म्हणून १९४२मध्ये तपकिरी मोहोर आणि ‘हवाई’ असा ठसा असलेल्या नोटा निघाल्या. उत्तर आफ्रिकेतल्या सैन्यासाठीच्या सिल्व्हर सर्टिफिकेटांवर मोहोर पिवळी, अनुक्रमांक मात्र निळेच. १९३४च्या फेडरल रिझर्व्ह नोटांत पोपटी छटेची मोहोर गडद निळसर हिरवीपेक्षा साधारणपणे दुर्मिळ. दोन्ही नोटा दिवसाच्या उजेडात शेजारी ठेवा. पिवळ्या बल्बखाली फरक कळत नाही. अनुक्रमांकाजवळ तारा असेल तर ती खराब झालेल्या नोटेच्या जागी काढलेली बदली नोट, तिला मागणी जास्त.

रंग विचित्र दिसला की लगेच हुरळून जाऊ नका. रसायनाने हिरवी शाई निळी किंवा पिवळी करता येते आणि उन्हात मोहोर फिकी पडते. दहापट भिंगातून पाहा: रंग आजूबाजूच्या कागदात पसरला असेल, किंवा त्याच रंगाचे अनुक्रमांकही फिकटले असतील, तर छपाईतली चूक समजू नका. अस्सल कागदात लाल-निळे बारीक तंतू आतच गुंतलेले असतात. नकलीत ते वर छापलेले दिसतात. चित्राची काळी शाई कोरीव छपाईची, त्यामुळे कोऱ्या नोटेवर बोटाला उठावदार लागते.

कोऱ्या नोटेत आणखी एक खूण आहे. मोहोर आणि अनुक्रमांक नंतर दाबून छापतात, त्यामुळे मागच्या बाजूने त्यांचा ठसा तिरक्या उजेडात दिसतो. इस्त्री केलेल्या किंवा दाबून सपाट केलेल्या नोटेतला हा ठसा बसून जातो. म्हणूनच घडी मोडण्यासाठी ओलावा, इस्त्री, खोडरबर यांतलं काहीही करू नका. धुतलेली नोट अतिनील दिव्याखाली निळसर पांढरी चमकू शकते, कारण साबणातली चमक आणणारी द्रव्यं कागदात राहतात. अस्सल न धुतलेला कागद गडद दिसतो.

प्रतवारी ७० गुणांची असते. कडक, मधोमध छापलेल्या नोटेला ६५ किंवा वर गुण मिळाले की त्याच मालिकेतल्या मळक्या नोटेच्या कितीतरी पट किंमत येते, आणि मधोमध एक घडी पडली तरी हा फायदा जातो. अमेरिकेतल्या राष्ट्रीय बँकांनी स्वतःच्या नावाने काढलेल्या मोठ्या आकाराच्या नोटांवर बऱ्याचदा बँकेच्या अधिकाऱ्यांच्या हाताच्या सह्या असतात. त्या पुसट झाल्या तरी तशाच ठेवा, वर पेन फिरवलेल्या नोटेची किंमत पडते.

ठेवण्यासाठी पॉलिएस्टरची पाकिटं घ्या. पीव्हीसी चालत नाही, त्यातलं मऊपणा देणारं द्रव्य कागदाला चिकटतं. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा, पुड्या ओल्या झाल्या की बदला, आणि नोट कडेला धरूनच उचला.