आर्डुइनो आयडीईत कुठली लायब्ररी टाकलेली आहे, कुठे आहे आणि कुठलं व्हर्जन आहे ते कसं शोधायचं

"अरे लायब्ररी टाकलीये मी, तरी एरर येतोय" हे डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टच्या दिवसांत लॅबमध्ये रोज ऐकू येतं. आणि बहुतेक वेळा पोरगं खरंच बोलत असतं, लायब्ररी (सेन्सर, डिस्प्ले वगैरेंसाठी दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) टाकलेली असतेच, फक्त कंपायलर, म्हणजे आपला कोड बोर्डाच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम, ज्या ठिकाणी बघतोय तिथे ती नसते, किंवा असते पण दुसरीच. म्हणून आयडीईत, म्हणजे आर्डुइनोचा कोड लिहायच्या प्रोग्रॅममध्ये, काय काय पडलंय ते शोधायच्या जागा इथे सांगतोय. सगळं आयडीई २ धरून लिहिलंय. १.८ वाल्यांना मेनू थोडे वेगळे दिसतील, पण फोल्डरांचं गणित तेच आहे.

सगळ्यात सोपं आधी. डाव्या पट्टीत पुस्तकांचा आयकॉन आहे, तो लायब्ररी मॅनेजर. कंट्रोल शिफ्ट आय दाबलं तरी उघडतो. वर टाइप नावाचा ड्रॉपडाउन आहे, त्यात इन्स्टॉल्ड निवडा, की टाकलेल्या लायब्ररी आणि त्यांचे व्हर्जन समोर. इथे एक सांभाळा, त्या इन्स्टॉल्ड अक्षरांवर माउस नेला की तिथेच रिमूव्ह होतं, बघता बघता क्लिक केलंत आणि काढू का या प्रश्नाला घाईत हो म्हणालात तर लायब्ररी उडेल.

आता नावाचा घोळ. कोडमध्ये वर इन्क्लूडच्या ओळीत जे लिहिलेलं असतं ते फाइलचं नाव, लायब्ररीचं नाही. डीएचटी११ सेन्सरच्या कोडमध्ये "डीएचटी डॉट एच" असतं, पण मॅनेजरमध्ये ती लायब्ररी "डीएचटी सेन्सर लायब्ररी" नावाने आहे, अ‍ॅडाफ्रूटची. आणि ती टाकूनही "अ‍ॅडाफ्रूट सेन्सर डॉट एच, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी" असं आलं तर तिला लागणारी दुसरी लायब्ररी राहिलीये, "अ‍ॅडाफ्रूट युनिफाइड सेन्सर". इन्स्टॉल करताना आयडीई विचारते की सोबतच्या पण टाकू का, तेव्हा इन्स्टॉल ऑल दाबायचं, पण घाईत आपण दुसरंच बटण दाबतो आणि मग शोधत बसतो.

दुसरी जागा म्हणजे स्केच मेनूतलं इन्क्लूड लायब्ररी. ही यादी तुम्ही निवडलेल्या बोर्डाप्रमाणे बदलते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. वायर, एसपीआय असल्या लायब्ररी बोर्डाच्या पॅकेजसोबत येतात, तुम्ही वेगळ्या टाकत नाही, त्यामुळे त्या तुमच्या लायब्ररीज फोल्डरमध्ये सापडणार नाहीत. उनो निवडलेला असताना एक यादी, ईएसपी३२ निवडला की दुसरी. म्हणजे कालपर्यंत दिसणारी लायब्ररी आज गायब असेल तर आधी वर कुठला बोर्ड निवडलाय ते बघा.

आता फोल्डर. फाइल मेनूत प्रेफरन्सेस उघडा, पहिलीच ओळ स्केचबुक लोकेशनची (आर्डुइनोत आपल्या कोडला स्केच म्हणतात). त्या पत्त्यावर लायब्ररीज नावाचा फोल्डर असतो, तुम्ही टाकलेलं सगळं तिथे. विंडोजवर हे साधारण डॉक्युमेंट्समध्ये असतं, पण वनड्राइव्ह चालू असेल तर डॉक्युमेंट्सच वनड्राइव्हच्या आत गेलेलं असतं, आणि आपण भलत्याच फोल्डरमध्ये झिप उघडून ठेवतो. म्हणून अंदाजाने जाऊ नका, प्रेफरन्सेसमधला पत्ता कॉपी करून जा. बोर्डांची पॅकेजेस मात्र वेगळीकडे, युजरच्या अ‍ॅपडेटामध्ये, लोकलच्या आत, आर्डुइनो१५ नावाच्या फोल्डरमध्ये, आणि अ‍ॅपडेटा लपवलेला असतो तेव्हा एक्सप्लोररच्या व्ह्यूमधून हिडन आयटम्स चालू करायला लागतं.

लायब्ररीज फोल्डरमध्ये गेलात की दोन गोष्टी बघा. एक, फोल्डरच्या आत तोच फोल्डर परत आहे का. गिटहबवरून झिप उतरवून एक्स्ट्रॅक्ट केली की शेवटी "मास्टर" लागलेला फोल्डर येतो आणि त्यात परत मास्टर, मग आयडीईला ती लायब्ररी सापडत नाही, आतला फोल्डर एक पायरी वर काढायचा. दोन, आत "लायब्ररी डॉट प्रॉपर्टीज" नावाची फाइल आहे का. ती नोटपॅडमध्ये उघडते, त्यात नाव, व्हर्जन, आणि कुठल्या आर्किटेक्चरसाठी, म्हणजे कुठल्या प्रकारच्या चिपसाठी, आहे ते लिहिलेलं असतं.

इथपर्यंत कळलं की काय काय पडलंय. पण त्यातलं वापरलं काय जातंय हे यादी बघून कळत नाही, ते कंपायलरलाच विचारायचं. लॅबच्या पीसीवर तर चार बॅचची पोरं लायब्ररी टाकून गेलेली असतात, एलसीडीची "लिक्विडक्रिस्टल आयटूसी" तीन ठिकाणांहून तीन प्रकारची, सगळ्यांत हेडर फाइलचं, म्हणजे इन्क्लूडमधल्या डॉट एच फाइलचं, नाव एकच. तर प्रेफरन्सेसमध्ये "शो व्हर्बोस आउटपुट ड्युरिंग" च्या पुढे कंपाइलवर टिक करा आणि व्हेरिफाय दाबा. खाली ओळींचा पूर येईल, घाबरू नका, शेवटाकडे जा. तिथे "युजिंग लायब्ररी" ने सुरू होणाऱ्या ओळी असतात, लायब्ररीचं नाव, व्हर्जन आणि फोल्डरचा पूर्ण पत्ता. व्हर्जनच्या जागी काहीच नसून शेवटी लेगसी लिहिलं असेल तर ती जुन्या पद्धतीची, प्रॉपर्टीज फाइल नसलेली लायब्ररी आहे.

एकाच नावाचं हेडर दोनतीन ठिकाणी असेल तर "मल्टिपल लायब्ररीज वेअर फाउंड" येतं, त्याखाली यूज्ड आणि नॉट यूज्ड असे पत्ते. माझ्या मते आख्ख्या आयडीईत सगळ्यात कामाची माहिती हीच, आणि लोक लाल अक्षरं दिसली की पॅनेल बंद करतात. आयडीई निवड करताना आर्किटेक्चर जुळतंय का, फोल्डरचं नाव हेडरशी जुळतंय का असं बघते, आणि तिथेही बरोबरी झाली तर आयडीईसोबत आलेल्यापेक्षा तुमच्या स्केचबुकमधलीला मान देते. नको असलेली लायब्ररी लगेच डिलीट करू नका, लायब्ररीज फोल्डरच्या बाहेर हलवून ठेवा आणि परत व्हेरिफाय करा.

"क्लेम्स टू रन ऑन एव्हीआर आर्किटेक्चर" अशी वॉर्निंग एलसीडीच्या लायब्ररीला ईएसपी३२ वर येते (एव्हीआर म्हणजे उनोवरच्या चिपचा प्रकार), ती फक्त वॉर्निंग आहे, बऱ्याचदा एलसीडी नीट चालतो.

लायब्ररी बरोबर, पत्ता बरोबर, तरी युट्यूबवरचा कोड चालत नाही? मग व्हर्जन. आर्डुइनोजेसन (जेसन स्वरूपातला डेटा हाताळायची लायब्ररी) च्या व्हर्जन ५ मधला स्टॅटिकजेसनबफर ६ मध्ये काढून टाकला, जुना कोड तिथेच अडतो. आणि लायब्ररी सोडून बोर्ड पॅकेज पण तपासा, डावीकडच्या बोर्ड्स मॅनेजरमध्ये ईएसपी३२ सर्च केलं की एस्प्रेसिफच्या, म्हणजे ईएसपी३२ बनवणाऱ्या कंपनीच्या, कार्डावर व्हर्जन दिसतं. ३.० पासून पीडब्ल्यूएमचं (एलईडीचा उजेड, मोटरचा वेग कमीजास्त करायची पद्धत) "एलईडीसी सेटअप" फंक्शनच गेलं, त्याच्या जागी "एलईडीसी अ‍ॅटॅच" आलं, त्यामुळे २ वर चालणारा कोड ३ वर कंपाइलच होत नाही आणि पोरं लायब्ररी शोधत बसतात जी मुळात नाहीचे. कार्डावरच्या ड्रॉपडाउनमधून जुनं व्हर्जन निवडून टाकता येतं, लायब्ररीचं पण तसंच.

टर्मिनलची सवय असेल तर आर्डुइनो सीएलआय, म्हणजे आयडीईचीच कामं कमांड टाइप करून करायचा प्रोग्रॅम, टाका, त्याला "लिब लिस्ट" दिलं की लायब्ररींची आणि "कोअर लिस्ट" दिलं की बोर्ड पॅकेजेसची यादी व्हर्जनसकट येते, ती फाइलमध्ये काढून प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवा, पुढच्या वर्षी ज्युनिअर तोच कोड मागायला येतील तेव्हा कोडसोबत ती फाइल पण देता येईल.