कंदीलपुष्पाला नवी जागा देताना या चुका टाळा

घाटातला रस्ता रुंद होणार, सड्यावर प्लॉट पडणार असं कळलं की कंदीलपुष्पाचे, म्हणजे सेरोपेजिया या रानवेलाचे कंद 'सुरक्षित' जागी हलवायची धावपळ सुरू होते. पुढच्या पावसात वेल तग धरत नाहीत, मग लावणाऱ्याच्या हाताला दोष दिला जातो. चुकलेली असते ती बहुधा जागा.

सगळ्यात जास्त फसवते ती हिरवाई. सह्याद्रीतल्या सेरोपेजियाच्या बऱ्याच जाती उघड्या, गवताळ उतारांच्या. देवराईची गर्द सावली किंवा गिरिपुष्पाची झाडं लावलेली टेकडी आपल्याला प्रसन्न वाटते. तिथे वेल उजेडासाठी नुसता लांबत जातो, पेरांमधलं अंतर वाढतं, फूल धरत नाही. असं दिसलं तर खत घालू नका, वरची सावली बघा. आणि जागा आज उघडी असली, पण शेजारी वृक्षारोपणाचे खड्डे खणून ठेवले असतील, तर ती यादीतून काढाच. माळरान म्हणजे पडीक जमीन, या समजुतीने आपल्याकडे चांगल्या हेतूनेच बरंच नुकसान केलंय.

दुसरी गफलत मातीची. बागेतली काळी, खोल माती कंदाला मानवत नाही. त्याला मुरमाड, निचऱ्याचा उतार हवा. मोठी सर येऊन गेल्यावर वीतभर खड्डा घेऊन बघा. तासाभरानंतरही पाणी तसंच असेल तर पुढची जागा शोधा. ऐन जुलैत पानं पिवळी पडून वेल बुडाशी मऊ झाला, तर कंद कुजतोय.

पाहणी फक्त ऑगस्ट-सप्टेंबरात, फुलांच्या दिवसांत करणंही महागात पडतं. एप्रिल-मेमध्ये तिथे एकदा जाच. कंद तेव्हा जमिनीखाली झोपलेला असतो आणि खरे धोके दिसतात: रानडुकरांनी, साळिंदरांनी उकरलेली जमीन, जेसीबीची चाकं, मुरूम उपसल्याचे खड्डे. गुराख्यांशी बोला. हे कंद खाल्ले जातात, त्यामुळे कुठले उतार उकरले जातात ते त्यांना नेमकं ठाऊक असतं.

फुलं भरपूर, पण शेंगाच नाहीत? फुलाच्या नळीत अडकून परागण करणाऱ्या बारीक माश्या तिथे नसतील, किंवा वेल एकमेकांपासून फार लांब पडले असतील. मात्र संख्या वाढवायला दुसऱ्या डोंगरावरचे कंद आणून मिसळू नका. हरिश्चंद्रगडाची सेरोपेजिया लॉई ही जात दुसऱ्या गडावर नेऊन लावणं हे संवर्धन नाही. शक्य तर मूळ जागेच्या बियांपासून रोपं करा आणि सगळी एकाच जागी लावू नका. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात या वेलांच्या अनेक जाती वाढवल्या आहेत. अशा ठिकाणी आधी विचारून घ्यावं.

सातबारा बघा. वनजमीन असेल तर वनविभागाची परवानगी, गायरान असेल तर ग्रामपंचायत, आणि दोन्हीकडे गावची जैवविविधता व्यवस्थापन समिती. मालकी जमिनीवर नुसत्या तोंडी 'लावा की' वर विसंबू नका. पुढच्या वर्षी तिथे फार्महाऊस उभं राहतं. जागेचं लोकेशन फोटोसोबत टाकू नका.

पहिल्या जूनमध्ये कोंब दिसला नाही म्हणून कंद उकरून पाहू नका. खूण तशीच राहू द्या आणि आणखी एक पावसाळा वाट बघा.