थिरथिरा सोलापुरातून कधी गेला, ते कसं लिहून ठेवायचं

दिवाळीच्या आसपास आपल्याकडं गच्चीवर, कंपाउंडच्या भिंतीवर, बांधकामाच्या खडीवर एक चिमणीएवढा पक्षी येऊन बसतो, शेपटी सारखी थरथरवतो आणि मधूनच वाकतो. तो थिरथिरा. नर काळपट, पोट आणि शेपटी विटकरी, मादी मातकट पण शेपटी तशीच विटकरी. वजन १५ ग्रॅमच्या आसपास. आणि येतो कुठून, तर हिमालय, लडाख, तिबेटच्या उंच डोंगरांतून. तिकडं दगडी भिंतीच्या नाहीतर कड्याच्या फटीत घरटं करतो. लेह ते सोलापूर सरळ रेषेतच १८०० किलोमीटरच्या आसपास भरतं बघा.

तो आला की सगळे फोटो टाकतात. गेला कधी हे मात्र जवळजवळ कुणीच लिहीत नाही. मी पण पहिली काही वर्षं नाही लिहिलं आणि आता त्याचं फार वाईट वाटतं, कारण ती वर्षं परत मिळणार नाहीत.

जायची तारीख एवढी का लागते ते आधी सांगतो. इथं कंपाउंडवर बसलेल्या पक्ष्याला लडाखात बर्फ वितळला का नाही हे कळायला काही मार्गच नाही. तो दिवस किती मोठा झाला त्यावर चालतो. सोलापुरात २२ डिसेंबरला दिवस साधारण ११ तासांचा, मार्च संपेपर्यंत १२ तासांच्या वर, तसं त्याच्या अंगातलं घड्याळ जागं होतं, भूक वाढते, चरबी साठते आणि एका रात्री निघतो. दिवसाची लांबी दरवर्षी तीच, पण बर्फ तापमानाप्रमाणे वितळतो. बर्फ लवकर गेला तर किडे-अळ्या लवकर निघतात, आणि पिल्लं चोच उघडून बसतात तोवर किड्यांचा भर ओसरलेला असू शकतो. नेदरलँड्समध्ये आफ्रिकेतून येणाऱ्या एका माशीमार पक्ष्याचं हेच झालं, जिथं अळ्यांचा हंगाम सगळ्यात लवकर सरकला तिथं दोन दशकांत त्याची संख्या ९० टक्क्यांच्या आसपास घटली, २००६ मध्ये हे छापून आलं. थिरथिऱ्याचा प्रवास त्यामानानं जवळचा आहे, आणि युरोपातल्या नोंदींत जवळचे प्रवासी तारखा जास्त सहज पुढंमागं करताना दिसलेत. आपला पक्षी तसं करतोय का, हे इथल्या तारखांशिवाय कसं कळणार?

डोंगरावरच्या पक्ष्यांची अजून एक अडचण म्हणजे जागा. १००० मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे एक अंश वाढला तर तीच हवा मिळवायला दीडशे मीटर वर सरकायचं. आणि डोंगर वर निमुळता होत जातो. पेरू देशातल्या एका डोंगरधारेवर १९८५ ची पाहणी २०१७ मध्ये पुन्हा केली तेव्हा माथ्यावरचे काही पक्षी सापडलेच नाहीत.

आता नोंद कशी करायची. एकच जागा निवडा, रोज जाता येईल अशी. आपली गच्ची चालेल, कंबर तलावाचा काठ चालेल, सिद्धेश्वर वनविहारातला एखादा कोपरा चालेल. थिरथिरा हिवाळाभर बऱ्याचदा एकाच पट्ट्यात राहतो, त्यामुळं तुमचा पक्षी तुम्हाला ओळखीचा होतो. सकाळी सातच्या सुमाराला १५ मिनिटं, दर वेळी तेवढीच. आज पाऊण तास आणि उद्या पाच मिनिटं केलं तर तारखा एकमेकींशी ताडता येत नाहीत.

सप्टेंबरच्या मध्यापासून सुरू करा, मध्ये हुरडा आणि गड्डा जत्रेच्या दिवसांत आठवड्यातून एकदा पुरे, पण १ मार्चपासून रोज. हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि इथंच लोक सोडतात, परीक्षा असतात, ऊन चढतं. आणि दिसला नाही तर "दिसला नाही" असं लिहाच. कोरी जागा ठेवली की नंतर कळत नाही, पक्षी नव्हता का तुम्ही गेला नव्हता. शेवटचा दिसल्यावर पुढं किमान दहा दिवस जात राहा, कारण मधे चार दिवस गायब होऊन परत दिसतो, माझ्या वहीत असं दोनदा झालंय.

तारीख इंग्रजी महिन्याचीच लिहा. शेजारच्या काकूंनी मला प्रेमानं सांगितलं होतं, "अरे, तो पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी गेला बघ." पण पाडवा २०२३ ला २२ मार्चला होता, २०२४ ला ९ एप्रिलला, २०२५ ला ३० मार्चला. वर्ष धरून ठेवलं असतं तर काकूंची नोंद सोन्यासारखी होती, आता काकू भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करतात.

ओळखण्यात एकच घोळ होतो, चिरक. तो बारा महिने इथलाच, मादी तशीच मातकट. पण चिरकाची शेपटी काळपट आणि उभी धरलेली असते, विटकरी रंग फक्त शेपटीच्या बुडाखाली. थिरथिऱ्याची शेपटीच विटकरी आणि थरथरती. शंका असेल तर शंका लिहा, ठोकून देऊ नका. आणि मोबाईलवर आवाज वाजवून बोलवू नका प्लीज, लांबच्या प्रवासाआधी त्याला खायला वेळ लागतो.

वही ठेवाच, पण यादी ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी ठेवायची वेबसाइट) पण टाका, ॲप फुकट आहे. दिसलेले ओळखीचे सगळे पक्षी लिहिले असतील तरच यादी पूर्ण म्हणून टिक करा, म्हणजे त्या दिवशी थिरथिरा नव्हता हेही त्यातून कळतं. लेहमधले लोक पण तिथंच याद्या टाकतात, त्यामुळं आपल्याकडून गेल्याची तारीख आणि तिकडं पोचल्याची तारीख शेजारी ठेवून बघता येते. मात्र नुसत्या पहिल्या तारखांवर जाऊ नका, बघणारे वाढले की पहिला पक्षी आपोआप लवकर सापडतो.

थिरथिरा जमला की पुढच्या वर्षी करडा धोबी घ्या, पिवळ्या पोटाचा, पाण्याकाठी शेपटी हलवणारा. तो पण डोंगरातल्या ओढ्यांवरून येतो, पण आधी, सप्टेंबरातच, म्हणून त्याची वही गणपतीतच उघडावी लागते.