ज्याचा त्याचा ब्रश ओळखू यावा म्हणून

परभणीत आमचं एकत्र कुटुंब. दात घासायचे ब्रश एकाच पाकिटातले, त्यामुळे रोज अदलाबदल. मार्करने नावं लिहिली; पण दांडी बहुधा पॉलिप्रोपिलीन या प्लॅस्टिकची असते, तिच्यावर शाई धरत नाही.

उपाय सापडला मोटार रिवायंडिंगच्या दुकानात: वायरच्या जोडावर चढवतात ती हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवली की आवळून बसणारी प्लॅस्टिकची नळी. 2:1 मापाची स्लीव्ह तापली की तिचा व्यास निम्म्यावर येतो. दांडीच्या मागच्या टोकाकडून बोटभर तुकडा चढवायचा, ब्रशच्या केसांना ओलं फडकं गुंडाळायचं (नायलॉन असतं, आच सोसत नाही) आणि लायटर लांबूनच फिरवायचा. प्रत्येकाला वेगळा रंग दिला.

आजीला मात्र रंग नीट दिसत नाहीत. तिच्या स्लीव्हखाली आधी जाड दोऱ्याचे वेढे दिले. अंगठ्याला उंचवटा लागला की तिला आपला ब्रश बरोबर कळतो. तीन-चार महिन्यांनी ब्रश बदलला की नवा तुकडा.